पत्र्याखालचा नंबर

गाडी घेईपर्यंत मला गाडीला दोन नंबर असतात हे माहीत नव्हतं. एक पुढेमागे पाटीवर रंगवलेला, येणाराजाणारा वाचतो तो. दुसरा गाडीच्या अंगातच ठोकलेला, सतरा आकडे-अक्षरांचा. त्याला चेसिस नंबर म्हणतात. पाटी बदलता येते, हा बदलता येत नाही. गाडी कोणाच्याही नावावर होवो, भंगारात जावो, तिची खरी ओळख हीच.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मूळची मी देशावरची, पण इथे येऊन आता बारा वर्षं झाली. शाळा मोखाड्यापासून बारा किलोमीटरवर, आणि तिथवर जायला शेअर जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधी वाटतच नाही. बाजाराच्या दिवशी तर माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी असायचीच. त्याचा मला कधी राग आला नाही, पण गुडघे बोलायला लागले तसं मी ठरवलं, की एक जुनी का होईना, आपली गाडी घ्यायची.

जव्हारला एका वेल्डरकाकांची गाडी विकायची आहे असं कळलं. सगळा गाव त्यांना चाचा म्हणतो, म्हणून मीही चाचाच म्हणायला लागले. चाळीस वर्षं त्यांनी जव्हारमध्ये गेट, ग्रिल, ट्रॉल्या, शाळांच्या खिडक्या, सगळं जोडून दिलं. आता डोळ्यांना झेपत नाही म्हणून दुकान बंद. बायको वर्षापूर्वी गेली. घरी ते आणि त्यांची लग्नाची मुलगी, ती शिवणकाम करते. गाडी छोटी, पांढरी, तेरा वर्षांची. आत इतकी स्वच्छ की मी चपला काढून बसले आणि मुलगी हसली.

चाचा म्हणाले, "बाई, इंजिन एकदम साफ आहे. बॉडीला माझा हात लागलाय दोन-चार ठिकाणी, तेवढं खरं. पण गाडीनं मला रस्त्यात कधी सोडलं नाही."

व्यवहार झाला, कागदांवर त्यांच्या सह्या झाल्या आणि गाडी मी मोखाड्याला आणली. राहिलं होतं ते नावावर करणं. जव्हारला अधूनमधून आरटीओचा कॅम्प भरतो, तिथे गाडी दाखवायची होती. त्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकटीला जमेल की नाही म्हणून आमच्या शाळेतल्या एका सरांना बरोबर घेतलं. त्यांच्या दोन गाड्या होऊन गेल्यात, त्यामुळे त्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा.

मैदानात रांगेनं गाड्या उभ्या होत्या. माझा नंबर आला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. इन्स्पेक्टर तरुण होता, आवाज चढवणारा नव्हता. बॉनेट उघडायला सांगून त्यानं मोबाईलचा टॉर्च मारला.

"ही नंबरची पट्टी आहे, पण बॅटरीच्या ॲसिडनं खाल्लीय. शेवटचे दोनच आकडे दिसतायत. आणि मॅडम, पट्टी रिव्हेटची असते, ती कोणीही काढून दुसरी लावू शकतं. मला बॉडीवर ठोकलेला नंबर हवा."

"तो कुठे असतो?"

"या मॉडेलला पुढच्या डाव्या सीटखाली. सीट मागे सारा, मॅट उचला."

सरांनी सीट सरकवली. मी मॅट उचलली. खाली काळा, गुळगुळीत, सपाट पत्रा. त्याच्यावर एक आकडा नाही, एक अक्षर नाही. इन्स्पेक्टरनं गुडघ्यावर बसून बोटाच्या पेरानं ठकठक केलं. बद्द आवाज आला. त्यानं कडेनं बोट फिरवलं.

"इथे नंतर पत्रा मारलाय," तो उठत म्हणाला. "नंबर खाली असेल. किंवा नसेल. मला दिसल्याशिवाय सही करता येणार नाही. ज्यांच्याकडून घेतली त्यांना विचारा आणि पुढच्या कॅम्पला या."

'किंवा नसेल' हे त्यानं अगदी सहज म्हटलं. पण परत गाडीत बसले तेव्हा माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं होतं.

आम्ही तसेच चाचांच्या घरी गेलो. घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, लग्नाला गेलेत भिवंडीला, कधी येतील माहीत नाही. परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला वाईट वाटेल. पण तो माणूस वेल्डर आहे. पत्रा मारून नंबर गायब करणं त्याच्या हातचा मळ. आणि आता कुलूप. चोरीच्या गाड्यांचं असंच असतं."

"अहो, कागद आहेत ना त्यांच्या नावाचे."

"कागद एका गाडीचे, गाडी दुसरी. हेच तर करतात."

मला ते पटलं. इतकं की शनिवारी शाळेत माझं लक्ष नव्हतं. चौथीच्या पोरांना एकच गणित दोनदा घातलं. रजा टाकताना ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, गाडी नावावर करायला चाललेय, ते सगळे आता विचारत होते, झालं का? सरांनी तोवर दोघातिघांना सांगितलंही होतं. चाचांची स्वच्छ गाडी, त्यांचं ते 'माझा हात लागलाय' म्हणणं, सगळं मला वेगळंच दिसायला लागलं. मी आधी का नाही बघितलं, म्हणून स्वतःवर चिडले होते, आणि तो राग कुठेतरी काढायचा होता.

संध्याकाळी मी चाचांच्या मुलीला फोन लावला. मागे लग्नाचा गलका ऐकू येत होता. तिनं आनंदानं विचारलं, "झाली का मॅडम नावावर?"

मी सांगितलं, नाही झाली. सीटखाली पत्रा मारलाय आणि नंबर सापडत नाही. आणि मग, आजही आठवलं की जीव कसनुसा होतो, मी म्हटलं, "मला एकदाच खरं सांग. गाडी चोरीची तर नाही ना?"

पलीकडचा गलका मागे पडला, ती कुठेतरी बाजूला गेली असावी. मग ती अगदी हळू म्हणाली, "मी अब्बांना सांगते, मॅडम." आणि ठेवला.

रविवारी सकाळी मी ज्या घरात भाड्यानं राहते त्याच्या अंगणात नाचणी वाळत घातली होती. घरमालकीण आजी कोंबड्या हाकत बसल्या होत्या. अकराच्या सुमाराला फाटकाशी चाचा उभे. हातात जड कॅनव्हासची पिशवी, अंगात लग्नाचा इस्त्रीचा सदरा. पहाटेच्या गाडीनं भिवंडीहून निघाले, जव्हारला घरी उतरून हत्यारं घेतली, आणि शेअर जीपनं मोखाड्याला आले. वरातीचं जेवणसुद्धा सोडून आले होते.

"बाई, माझ्या हातनं चूक झालीय," ते आत येत म्हणाले. "पोरीनं सांगितलं, नंबर मिळत नाही. माझ्या टाळक्यातच नाही आलं कधी, की तो तिथे आहे. गाडी सावलीत घ्या, आणि लाइटची वायर द्या. चहा मागून."

मी पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता, घाई होती. माझ्या लक्षात आलं, मुलीनं त्यांना माझा तो एक शब्द सांगितलेलाच नाही.

त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि बनियनवर कामाला लागले. चार बोल्ट काढून सीट बाहेर काढली. मॅट गुंडाळली. मग त्या काळ्या पत्र्यावरून हात फिरवत बसले, डोळे बारीक करून. मला वाटलं होतं, कटर लावतील आणि कापून काढतील. ते म्हणाले, "कटर लावला तर नंबरच कापायचा. खाली किती अंतर आहे, आता मला आठवत नाही." त्यांनी कडेनं एकेक वेल्डचा टाका शोधला. नखानं काळा लेप खरवडायचा, टाका दिसला की खडूनं खूण करायची. त्यांच्याकडचा खडू तुटला, म्हणून मी शाळेच्या पिशवीतला दिला. अठरा टाके निघाले. मग बारीक ड्रिलनं एकेक टाका कोरायला घेतला. ड्रिल आत किती गेलं ते ते आवाजावरून ओळखत होते. आवाज बदलला की हात मागे.

आजी उठून जवळ आल्या. "तिच्या पोटात काय हेरता?" त्यांनी विचारलं. हेरणं म्हणजे इकडे बघणं.

"नाव हेरतोय, आजी," चाचा म्हणाले. "गाडीचं."

आजींना ते पुरेसं वाटलं. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

आठ-नऊ टाके झाले आणि लाइट गेली. चाचा थांबले, पाठ सरळ केली. मी चहा आणला. माझ्याच्यानं राहवेना, म्हणून विचारलं, "हा पत्रा मारलात तरी कशाला चाचा?"

ते बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "घरवालीसाठी." मग सांगायला लागले. बायकोची किडनी गेली होती. आठवड्यातून दोनदा नाशिकला डायलिसिसला न्यायचं. जव्हारहून मोखाडा, तोरंगणचा घाट, त्र्यंबक, मग नाशिक. परत तसंच. ती नेहमी पुढे त्यांच्या शेजारी बसायची, कारण मागे तिला मळमळायचं. एका पावसाळ्यात तिच्या पायाखालचा पत्रा गंजून भोकं पडली. रस्त्यावरचं पाणी उडून आत यायचं आणि तिचे पाय भिजायचे. तिचे पाय आधीच सुजलेले. ती बोलली नाही. घरी आल्यावर मोजे काढताना पोरीनं बघितलं, ओले गच्च.

"त्या दिवशी दुपारी पाऊस थोडा उघडला," चाचा म्हणाले. "दुकानात पत्र्याचा तुकडा पडला होता. सीट काढली, मोठा तुकडा घेतला, भोकाच्या पुढेमागे दोन्हीकडे जाईल असा, आणि मारला. वरून डांबरी लेप. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन निघायचं होतं. नंबर-बिंबर कोण बघतं? मला फक्त सगळं बंद करायचं होतं."

"मग?"

"मग कोरडी राहिली. शेवटपर्यंत." त्यांनी बशी तोंडाला लावली.

मी ती रिकामी जागा बघत होते, जिथून सीट काढली होती. अठ्ठेचाळीस तास मी या माणसाला चोर ठरवून बसले होते. आणि त्याच्या मुलीला ते तोंडावर विचारलं होतं, पाहुण्यांच्या गर्दीत उभी असताना. ते गिळून गप्प बसता आलं असतं. त्यांना माहीत नव्हतंच. पण मुलीला माहीत होतं, आणि ती ते एकटीनं घेऊन बसली होती.

"चाचा," मी म्हटलं, "मला एक सांगायचंय. मी काल फोनवर तुमच्या मुलीला विचारलं, गाडी चोरीची आहे का म्हणून."

त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे नाही, गाडीकडे पाहिलं.

"म्हणून ती जेवली नाही," ते म्हणाले. "मी विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय."

"मी चुकले. सरांनी म्हटलं, तुमच्या घराला कुलूप होतं, आणि तुम्ही वेल्डर... मी ते खरं मानलं. मला माफ करा."

त्यांनी छिन्नी उचलली, तिच्या धारेवरून अंगठा फिरवला. "वाईट वाटलं, बाई," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं लोकांच्या तिजोऱ्यांची कुलपं माझ्याकडे आली दुरुस्तीला." मग थोड्या वेळानं, "पण तुम्ही पैसे मोजून गाडी घेतलीत आणि नंबर नाही म्हटल्यावर माणूस घाबरणारच. मी पण घाबरलो असतो. मला विचारायचं होतं. ती पोर आहे. मला विचारायचं."

"हो," मी म्हटलं. "तुम्हालाच विचारायला हवं होतं."

"चला, लाइटची वाट बघण्यात अर्थ नाही." उरलेले टाके त्यांनी छिन्नी आणि लहान हातोडीनं तोडले. मी टॉर्च धरला. दोन वाजून गेले होते. शेवटचा टाका सुटला तशी त्यांनी पत्र्याखाली पातळ पट्टी सारली आणि हळूहळू, जुन्या जखमेवरची पट्टी उचलावी तसा पत्रा वर घेतला.

खाली गंज आणि काळा चिकटा. नंबर नव्हता. चाचा मात्र शांत होते. त्यांनी फडकं थिनरमध्ये बुडवलं, ते तिथे दाबून धरलं आणि नुसते बसून राहिले. मग पितळी ब्रश, अगदी हलका, एकाच दिशेनं. पुन्हा थिनर. चौथ्या की पाचव्या वेळी फडक्याखालून एक उभी रेघ दिसली. तिच्या शेजारी एक वळण.

"खडू द्या," ते म्हणाले.

पांढऱ्या खडूची भुकटी त्यांनी बोटानं त्या जागेवर चोळली आणि वरची पुसून टाकली. खाचांमध्ये पांढरं राहिलं आणि आकडे उठून आले, ओळीनं, थोडे वेडेवाकडे. मी मोठ्यानं ओरडलेच. आजी घाईघाईनं उठल्या आणि त्यांनीही वाकून पाहिलं, जणू त्यांची गाय व्यायली होती.

चाचांना इंग्रजी अक्षरं नीट वाचता येत नव्हती. मी आरसी कार्ड हातात घेऊन एकेक अक्षर वाचायचे आणि ते त्या अक्षराच्या खाली बोट ठेवायचे. पहिली दहा बरोबर. अकरावं, बारावं, तेरावं बरोबर. चौदावं आलं आणि अडलं. तिथे पत्रा गंजानं खाल्ला होता. कार्डावर तीन होता. पत्र्यावर तो तीनही वाटत होता आणि आठही. पुढचे तिन्ही आकडे जुळत होते. पण इन्स्पेक्टर त्या एकाच आकड्यावर बोट ठेवणार, हे आम्हा दोघांना कळत होतं.

चाचांनी काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून तेवढीच जागा पुसली. ब्रश नको म्हणाले, जे आहे तेही जाईल. डोळे बारीक करकरून ते थकले होते. मग मी म्हटलं, "मी एक करून बघू?"

शाळेत आम्ही पोरांना नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायला लावतो. आरटीओलाही तसाच ठसा लागतो, सरांनी सांगितलं होतं. मी वहीतला पातळ कागद फाडला, त्या ओळीवर ठेवला, चाचांनी दोन्ही टोकं दाबून धरली, आणि मी पेन्सिल आडवी धरून हलकेच घासायला लागले. कागदावर करड्या रंगातून एकेक अक्षर पांढरं होऊन वर आलं. चौदाव्यापाशी मी हात आणखी हलका केला. डाव्या बाजूला रेघ नव्हती. उघडा होता. तीन. डोळ्यांना जो गंज भुलवत होता तो कागदाला भुलवू शकला नाही.

"तीन आहे," मी म्हटलं.

"तीनच असणार," चाचा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "माझी गाडी आहे ती."

आम्ही तसे तीन ठसे काढले. संध्याकाळपर्यंत लाइट आली. चाचांनी गंजाला औषध लावलं, आणि पिशवीतल्या छोट्या वेल्डिंग मशीननं भोकं असलेल्या भागापुरताच नवा तुकडा मारला. नंबरच्या वर दोन स्क्रूवर उघडणारी छोटी पट्टी बसवली, आत पाणीही जाणार नाही आणि कोणालाही बघायचं असेल तर स्क्रू काढून बघेल. मजुरीचं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. जेवायला मात्र थांबले. आजींनी नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं.

पुढच्या कॅम्पला तोच इन्स्पेक्टर होता. स्क्रू काढून त्यानं नंबर पाहिला, ठशाशी लावून पाहिला, कार्डाशी लावून पाहिला. चौदाव्या आकड्यावर थांबला, टॉर्च जवळ नेला. "तीन," तो स्वतःशीच म्हणाला आणि सही केली. पट्टी पाहून विचारलं, "हे कोणी केलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं केलंय."

सर याही वेळी माझ्यासोबत आले होते. मी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं, पत्र्याचं आणि ओल्या मोज्यांचंही. शाळेत ज्यांना त्यांनी ती गोष्ट सांगितली होती, त्यांना त्यांनीच जाऊन दुसरी गोष्ट सांगितली, हे मला नंतर कळलं.

कॅम्पवरून मी एकटीच चाचांच्या घरी गेले. चाचा नमाजाला गेले होते. मुलगी मशिनवर कोणाचं तरी ब्लाउज शिवत होती. तिच्याशी बोलणं मला चाचांशी बोलण्यापेक्षा अवघड गेलं. मी दारातच म्हटलं, "मी तुझी माफी मागायला आलेय."

तिनं मशिन थांबवलं. "तुम्ही अब्बांना सांगितलंत ना, ते बरं केलंत," ती म्हणाली. "मला ते सांगता येईना, आणि लपवताही येईना." मग सुईखालचं कापड सोडवत म्हणाली, "मला राग याचा आला, की मला उत्तरच सुचलं नाही. मी म्हणायला हवं होतं, माझी अम्मी त्या गाडीतून तीन वर्षं गेलीय आलीय. नंतर रात्रभर तेच म्हणत होते मनात."

"आता म्हण," मी म्हटलं.

ती थोडी हसली, थोडी नाही. खुर्चीवरचे कपडे उचलून तिनं मला बसायला जागा केली. मग सांगायला लागली. अम्मीला त्र्यंबकजवळच्या एका टपरीवरची भजी आवडायची. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, तरी येताना ती चाचांना तिथे गाडी हळू करायला लावायची, नुसता वास घ्यायला. चाचा काच खाली करायचे, दोन मिनिटं उभे राहायचे, आणि मग निघायचे. कधीकधी टपरीवाला स्वतः गाडीपर्यंत यायचा आणि त्यांची विचारपूस करायचा.

चाचा परत आले तेव्हा आम्ही दोघी बोलतच होतो. त्यांनी मला पाहिलं, पोरीला पाहिलं, आणि आत जाऊन स्वतःच चहाचं आधण ठेवलं.